मलंगगडाला नावं ठेवण्याआधी

घरातल्या पोराला ‘असर झालाय’ म्हणून कुणी मलंगगडावर नेलं की आपली शिकलेली मंडळी नाक मुरडतात. झाडफुंकीची तरफदारी मीही करत नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले रुग्ण पळणार कुठे? 28 जण गेले.

पण मलंगगडावर एक गोष्ट मिळते. शेजारी बसलेली, तेच भोगणारी दुसरी आई. तज्ज्ञ चालवतात त्या आधारगटातही ती भेटते, शिवाय दुआसोबत दवाही का चालू ठेवायची ते कळतं. ठाण्यात आयपीएच असे गट चालवते. मात्र गर्दी पाहूनच ज्याची छाती धडधडते, त्याला बदलापूरहून लोकलमध्ये कोंबून न्यायचं कसं?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चं कलम 18 वाचा. उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, धर्मावरून भेदभाव होऊ नये, असं त्यात लिहिलंय. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात मतं मागायला येणाऱ्यांना विचारा: आठवड्यातली एक संध्याकाळ, एक समुपदेशक, पालिका शाळेची एक खोली, एवढंही जमत नाही?

आणि आपल्या ट्रस्टींनाही विचारा. जमातखाना वलिम्याला मिळतो, मग या कामाला का नाही? (बायकांनाही आत घ्यायचं, हे आधीच ठरवून घ्या.)

तोवर टेलि-मानसचा 14416 हा नंबर घरात लिहून ठेवा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.