गोळी मानवत नाही म्हणून सोडायची?

निगडीच्या दुर्गा टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी हा नेहमीचा विषय. कुणाचे पाय सुजतात, कुणाचा कोरडा खोकला जात नाही, कुणाच्या पोटऱ्या दुखतात. सल्लाही तयार असतो : ‘त्या गोळ्या सोडा, झाडपाल्याचं घ्या, त्याला साइड इफेक्ट नसतो.’ उलट कित्येक दवाखान्यांत तक्रार पुरती ऐकूनही न घेता ‘काही होत नाही, चालू ठेवा’ म्हणून बोळवण होते. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. दोन्हींमुळे होते एकच : रुग्ण कुणाला न सांगता गोळी बंद करतो.

आधी झाडपाल्याचे पाहू. रक्तदाबावरच्या आधुनिक औषधांतले एक जुने औषध आपल्याच मातीतले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या वापरावर निबंध लिहिला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. औषध गुणकारी होते, पण त्याने नाक चोंदे आणि काही रुग्णांना गंभीर नैराश्य येई. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनला ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की जपानी संशोधक अकिरा एंडो यांना पहिले स्टॅटिन सापडले ते पेनिसिलियम कुळातल्या बुरशीत. याच कुळातल्या बुरशीपासून पेनिसिलिन बनवण्यासाठी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तेव्हा औषध निसर्गातून आले की कारखान्यातून, यावर त्याचा त्रास ठरत नाही.

‘काही होत नाही’ हेही खरे नाही. रक्तदाबावरच्या अम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते. संध्याकाळी मोजा काढल्यावर रबराचा खोल वळ दिसतो, नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो. रामिप्रिल, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीने रक्तातले सोडियम उतरू शकते, म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते. सेरिव्हास्टॅटिन हे स्टॅटिन स्नायूंच्या गंभीर हानीमुळे ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले. असे असताना रुग्णाला गप्प बसवणे म्हणजे त्याचा विश्वास गमावणे.

मात्र स्टॅटिन घेताना झालेले प्रत्येक दुखणे स्टॅटिनचेच असते असेही नाही. लंडनमधील ‘सॅमसन’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बाटल्या देण्यात आल्या : चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चार महिन्यांच्या हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या आणि चार रिकाम्या. १०० पैकी सरासरी त्रास रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत ८, नकली गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३ निघाला. माणसे खोटे बोलत नव्हती, दुखत होतेच. पण गोळीच्या महिन्यांत वाढलेले बहुतेक दुखणे गोळी घेतल्याच्या धास्तीचे होते. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केले.

म्हणून योग्य वाट तिसरी : त्रास नोंदवायचा, दाखवायचा आणि गोळी बदलून घ्यायची. खोकला लागला तर रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टनच्या गटातले औषध चालते. सुजेवर अम्लोडिपिनचा डोस कमी करतात किंवा जोडीला दुसरे औषध देतात. स्टॅटिनने अंग दुखत असेल तर थायरॉइड आणि सीपीके (स्नायूंच्या हानीची रक्तचाचणी) तपासून डोस कमी करता येतो, दुसरे स्टॅटिन देता येते. जोडीला कोणती औषधे चालू आहेत हेही सांगायला हवे, कारण क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक काही स्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढवते. चाकणच्या शॉपफ्लोअरवर पाळीभर उभे राहून घरी येताना डायक्लोफिनॅकची गोळी घेणाऱ्याने तर नक्कीच सांगावे. तिने बीपी वाढते आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

स्नायू असह्य दुखून लघवी गडद तपकिरी झाली किंवा ओठ-जीभ सुजली, तर मात्र ती गोळी पुन्हा न घेता तडक रुग्णालय गाठावे. एरवी मनाने गोळी तोडणे धोक्याचे. मेटोप्रोलॉल, क्लोनिडिनसारखी औषधे एकाएकी सोडली तर नाडी किंवा रक्तदाब उसळतो. इतर गोळ्या सोडल्यावर बहुधा काहीच जाणवत नाही आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो.

डॉक्टर ऐकत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे. शिवाय भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः दुष्परिणाम नोंदवू शकतो. टेकडीवर सांगितलेली तक्रार तिथेच विरते. या नोंदींतून मात्र कोणते औषध आपल्या माणसांना कितपत सोसते, याची माहिती देशाला मिळते.