पायरी पायरीने



मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर झाली की गावात पहिला प्रश्न येतो, 'नोकरी कुठं लागली?' आणि पोरानं 'मला कॉलेजात शिकवायचं आहे' म्हटलं, की घरची माणसं हिरमुसतात. 'एवढा खर्च करून शेवटी मास्तरकीच का?' असं बोलूनही दाखवतात. आज अशाच एका इंजिनिअर मास्तरांची हकिगत तुम्हांला सांगायची आहे.

त्यांचं नाव राफाएल राइफ. जन्म १९५० सालचा, दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशातील माराकायबो शहरातला. आईवडील पूर्व युरोपातले ज्यू. १९३० नंतरच्या दशकात ते युरोप सोडून निघाले आणि इक्वेडोर, कोलंबिया असे देश ओलांडत व्हेनेझुएलात आले. वडील फोटो काढून संसार चालवीत. परिस्थिती बेताची. घरात बोलणं ज्यूंच्या यिडिश बोलीत, नाहीतर स्पॅनिशमध्ये.

१९७३ साली राइफ तिथल्याच काराबोबो विद्यापीठातून विजेचे इंजिनिअर झाले. थोडे दिवस कराकस शहरात त्यांनी शिकवलं आणि मग अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ गाठलं. १९७९ साली डॉक्टरेट मिळाली. १९८० साली ते एम.आय.टी. या नावाजलेल्या संस्थेत साहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विषय होता सिलिकॉनच्या चकतीवर बारीक विद्युत-जोडण्या करण्याचा. तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये जी नखाएवढी चिप असते ना, तिच्या घडणीचं हे शास्त्र.

तिकडे नवा प्राध्यापक लगेच कायम होत नाही. त्याचं शिकवणं कसं, संशोधन कसं, हे काही वर्षं पारखतात. पसंत पडलं तर कायम, नाहीतर दुसरं ठिकाण शोधायचं. राइफ १९८५ साली कायम झाले आणि १९८८ साली पूर्ण प्राध्यापक.

इथपर्यंत माणूस आपलं आपण शेत कसतो तसं होतं. पुढचं काम निराळं. १९९० साली चिप बनवण्याच्या प्रयोगशाळेचा कारभार त्यांच्याकडे आला. तिथली यंत्रं महागडी आणि वापरणारे अनेक. सामाईक विहिरीच्या पाळ्या ज्यानं सांभाळल्या आहेत, त्याला हे काम किती नाजूक ते सांगायला नको. स्वतःचं पीक बाजूला ठेवून सगळ्यांना पाणी पोचतं की नाही ते बघावं लागतं. हे काम त्यांनी नऊ वर्षं केलं. २००४ साली ते संस्थेतल्या सर्वांत मोठ्या विभागाचे प्रमुख झाले आणि २००५ साली प्रोव्होस्ट, म्हणजे शिक्षणाचा आणि अंदाजपत्रकाचा सगळा कारभार पाहणारे. २००८ साली जगभर मंदी आली तेव्हा खर्चाला कात्री लावण्याचं नकोसं कामही त्यांच्याच वाट्याला आलं. अखेर जुलै २०१२ मध्ये ते एम.आय.टी.चे अध्यक्ष झाले. आपल्याकडे कुलगुरू, तसं हे पद. रुजू झाल्यापासून इथवर यायला ३२ वर्षं लागली.

प्रोव्होस्ट असतानाच त्यांनी एक गोष्ट केली. संस्थेचे धडे इंटरनेटवरून कुणालाही फुकट शिकता यावेत, अशी योजना काढली. २०१२ साली पहिला अभ्यासक्रम निघाला. सुमारे १,५५,००० लोकांनी नावं नोंदवली. पार पडले सुमारे ७,०००. बहुतेकांनी मध्येच सोडून दिलं, हेही खरंच. पण मंगोलियातल्या एका १५ वर्षांच्या मुलानं त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवले. चिकाटी असेल तर दूरच्या मुलालाही दार उघडतं, ते असं.

आता एक कडू गोष्ट. तीही सांगितलीच पाहिजे. जेफ्री एपस्टाइन नावाच्या धनिकाला अल्पवयीन मुलीच्या बाबतीतल्या गुन्ह्यात २००८ साली शिक्षा झाली होती. त्याच्या देणग्या या संस्थेनं घेतल्या. अध्यक्ष होऊन काही आठवडेच झाले असताना, त्याला गेलेल्या एका आभाराच्या पत्रावर राइफ यांनी सही केली. २०१९ साली ते पत्र सापडलं. राइफ यांनी सगळ्यांना कळवलं, 'मला आठवत नाही, पण सही माझीच आहे.' लोक फार संतापले, राजीनामा मागितला गेला. २०२० च्या चौकशीत, देणग्या मंजूर करण्यात त्यांचा हात नव्हता असं निघालं. २०२२ च्या अखेरीपर्यंत ते पदावर राहिले. पण कीर्तीला लागलेला तो डाग काही पुसला गेला नाही.

बाबांनो, सोसायटीच्या कागदावर न वाचता सही केली तर आपलं एक घर अडचणीत येतं. मोठ्या खुर्चीवरच्या सहीनं हजारो माणसांची मान खाली जाते. जसजशी पायरी वर चढावी तसतसं आपल्या हातून होणाऱ्या कामाचं ओझं दुसऱ्यांवर पडत जातं. मुलांना मोठं होण्याची स्वप्नं दाखवताना हेही सांगा.

आणि घरातलं कुणी शिकवायला निघालं, तर त्याला हिणवू नका. पहिली पायरी तीच असते.