माशांना देवी येतात तेव्हा...

ऑफिसचं रिसेप्शन, डेंटिस्टची वेटिंग रूम आणि नुकतं लग्न झालेल्या मित्राचा वन बीएचके, या तीन ठिकाणी एक गोष्ट हमखास सापडते. फिश टँक! कुणी वास्तूसाठी ठेवतं, कुणी स्ट्रेस घालवायला. पण एखाद्या सकाळी त्याच माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, की हा स्ट्रेसबस्टरच सॉल्लिड टेन्शन द्यायला लागतो. मासे दगडांवर अंग घासतात, पंख मिटून कोपऱ्यात बसतात, खाणं सोडतात. याला म्हणतात व्हाइट स्पॉट, किंवा टँकवाल्यांच्या भाषेत 'इक'.

यंदा संक्रांतीला मी धरणगावला घरी होते. (फ्रीलान्सरला सुट्टी नसते, म्हणून ती कधीही घेता येते.) आमचं गाव म्हणजे बालकवींचं जन्मगाव. पण माझ्या भाच्याला विचाराल, तर गावात बघण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे त्याचा दोन फुटी टँक. चार मॉली, पाच प्लॅटी आणि आठवड्यापूर्वीच जळगावहून आलेले दोन गोल्डफिश. ठिपके आधी दिसले ते याच पाहुण्यांवर. तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर.

आजीने काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "वं माय, मासास्ले देवी उनी का काय?"

दादाचा सल्ला तयारच होता. "सगळं पाणी फेक, टँक धुऊन टाक." आमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे इथं सांगत नाही. पन्नास लिटर पाणी मोरीत सोडायची कल्पना ऐकून वहिनीचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. शिवाय आजारी माशांना एकदम नव्या, गार पाण्यात सोडणं म्हणजे त्यांचं उरलंसुरलं अवसान काढून घेणं.

आता या आजाराचा फंडा समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. ठिपका म्हणजे एका पेशीचा परजीवी, माशाच्या कातडीखाली शिरून बसलेला. फुके या फ्रेंच संशोधकाने १८७६ मध्ये त्याचं नाव ठेवलं 'इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस', म्हणजे साधारण 'लेकुरवाळी माशाची ऊ'. नाव अगदी फिट आहे. पोट भरलं की तो कातडी फोडून बाहेर पडतो, तळाच्या खड्यांना चिकटतो, आणि एकाची शेकडो, कधी हजारापर्यंत पिल्लं होतात. ती पोहत मासा शोधतात. दोनेक दिवसांत सापडला नाही, तर मरतात. कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो मरतो तो फक्त पोहताना! म्हणजे आपल्याला दिसतो त्या ठिपक्यावर इलाज नाहीच. इलाज आहे न दिसणाऱ्या पिल्लांवर.

हे चक्र पाण्याच्या तापमानावर चालतं. २५ अंशांना ते आठवड्याच्या आत पुरं होतं, ७ अंशांना पाच आठवड्यांहून जास्त लागतात. आणि ३० च्या वर त्याच्या बहुतेक जातींची वाढच खुंटते. खान्देशात मे महिन्यात टँकचं पाणी आपोआप तिशी गाठतं, तेव्हा हा पाहुणा सहसा फिरकत नाही. जानेवारीत मात्र रात्री पारा दहाच्या आसपास आणि दुपारी ऊन. या वर-खालीत मासे गळाठतात आणि त्याचं फावतं.

दुकानात एक निळ्या-हिरव्या औषधाची बाटली मिळते. अशा बाटल्यांत बहुतेक मॅलाकाइट ग्रीन असतं. काम करतं, पण खाण्याच्या माशांमध्ये ते वापरायला अनेक देशांत बंदी आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात ते द्यायला माझं मन होईना. आम्ही मीठ आणि ऊब निवडली. शंभर वॅटचा हीटर लावला, दर दोन-तीन तासांनी एकेक अंश वाढवत ३० वर नेला. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू. लिटरला दोन ग्रॅम साधं जाडं मीठ, म्हणजे शंभर ग्रॅम, दोन दिवसांत थोडं थोडं. (टँकमध्ये लोच किंवा नाजूक पाणवनस्पती असतील, तर एवढं मीठ नको.) रोज पाइप लावून तळाच्या खड्यांतलं एक बादली पाणी ओढायचं, खाली चिकटलेले तेवढेच कमी. बदली पाणी घरात साठवलेलं होतंच. उभं राहून त्यातलं क्लोरीन उडालेलं, म्हणजे टंचाईचा हा एक फायदा! ते स्टीलच्या पातेल्यात कोमट केलं. तांब्याच्या बंबातलं नको, तांबं माशांना सोसत नाही. काढलेलं पाणी खारट, म्हणून तुळशीला न घालता संडासात.

दोन्ही गोल्डफिश आणि एक प्लॅटी दुसऱ्या रात्रीपर्यंत गेले. भाचा जेवला नाही. पाचव्या दिवशी उरलेल्या आठांच्या अंगावर एकही ठिपका नाही! "आत्या, झाले बरे!" दादा लाइट बिल आठवून हीटरच्या स्विचकडे गेला. मी आडवी उभी राहिले. ठिपके गळाले म्हणजे ते खड्यांत बसून पोरं काढताहेत. घात होतो तो याच दिवशी. दादाला पटेना. शेवटी नारू आठवला. नारूच्या जंतावर औषध नव्हतं. पायविहिरी बंद करून आणि पाणी गाळून पिऊन त्याचं चक्र तोडलं, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजीने नारू झालेली माणसं पाहिलेली. ती दादाला म्हणाली, "राहू दे रे चालू."

त्यानंतर दहा दिवस हीटर, मीठ, बादली तसंच चाललं. मी पुण्याला परतले. रोज रात्री फोन यायचा, त्यात फक्त एक आकडा. "आठ." एकदा दुपारी चार तास लाइट गेली, तेव्हा टँकला गोधडी गुंडाळली आणि पठ्ठ्याने मगाने पाणी वर-खाली करत हवा दिली. त्या रात्रीही "आठ".

परवा जळगावहून दोन नवे गोल्डफिश आलेत. ते सध्या न्हाणीघरात प्लास्टिकच्या टबात आहेत, तीन आठवडे. त्यांची जाळीही वेगळी. टँकची ओली जाळी चुकून तिकडे नेली, तर भाचा दादावरसुद्धा ओरडतो.