शेकाची तयारी दोघांनी करायची

सन २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने येत्या तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केली. त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षासाठी ठरवली होती. केमोथेरपीच्या एका सलाइनसाठी रात्रभर एसटीचा प्रवास करणाऱ्या कुटुंबांना हा मोठा दिलासा आहे. पण ही केंद्रे प्रामुख्याने केमोथेरपीची. ज्याला गावाकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, ते रेडिएशन तिथे मिळणार नाही. त्याच्या यंत्राला जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, प्रशिक्षित तंत्रज्ञ, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. त्यामुळे अनेक रुग्णांना शेकासाठी मोठे शहर गाठणे अजून तरी चुकलेले नाही.

केमोथेरपी बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांतून एकदा असते. रेडिएशन मात्र सोमवार ते शुक्रवार, रोज. तोंडाच्या कर्करोगात सहा-सात आठवडे जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून आणि आतून द्यायचे सगळे उपचार मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवावे लागतात. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी पाच आठवडे लागत. आता बहुसंख्य रुग्णांचे काम तीन आठवड्यांत होते. यंत्राखाली रोज जेमतेम दहा-पंधरा मिनिटे जातात, पण त्यासाठी अख्खे घर हलवावे लागते. सोबत जाणारे माणूस बहुतेक वेळा नवरा किंवा बायको असते.

या जोडीदाराची गणना उपचाराच्या कोणत्याच कागदावर नसते. प्रत्यक्षात उपचार पूर्ण होणार की मध्येच सुटणार, हे पुष्कळदा त्याच्यावर ठरते. रेडिएशनमध्ये खाडा महाग पडतो. तोंड व घशाच्या कर्करोगात उपचार लांबला, तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता दर दिवसामागे सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, असे अभ्यास सांगतात. लग्नसराई, पेरणी, दहावीची परीक्षा, घरी एकटी असलेली आई अशी खाड्याची कारणे खरीच असतात. म्हणून त्यांची सोय पहिल्या शेकाच्या आधी लावायला हवी. गुरे कोण बघणार, मुले कोणाकडे राहणार, जोडीदार आजारी पडला तर सोबत कोण येणार, हे आधीच ठरले पाहिजे.

निर्णय झाल्यापासून यंत्रावर पहिला दिवस येईपर्यंत साधारण आठ-पंधरा दिवस जातात. या काळात सीटी स्कॅन होतो, त्वचेवर खुणा केल्या जातात, डोक्या-मानेच्या रुग्णासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनतो. घरच्यांना वाटते, दिवस वाया चालले. खरे तर तयारीचे दिवस हेच. तोंडाच्या रुग्णाचे दात आधी तपासून घ्यावेत आणि काढायचे असतील ते आताच काढावेत. शेक झाल्यावर दात काढला, तर जबड्याचे हाड नासण्याचा धोका असतो. अंगावरच्या खुणा घासून पुसू नयेत. शेकाच्या जागी हळद, तेल, बर्फ किंवा घरगुती लेप लावू नये. सैल सुती कपडे घालावेत. पुढे गिळताना दुखू लागले की वजन उतरते आणि वजन फार उतरले की मुखवटा सैल होतो. तेव्हा मऊ भात, अंडी, दूध, डाळ, शेंगदाण्याचे कूट यांवर पहिल्या दिवसापासूनच भर द्यावा.

आणि तंबाखू. शेक चालू असताना बिडी-सिगारेट ओढली, तर उपचाराचा परिणाम कमी होतो आणि तोंडाचे फोड वाढतात. नवऱ्याने खर्रा सोडावा म्हणून हट्ट धरणारी बायको स्वतः मिश्री लावत असेल, तर तिचा शब्द चालत नाही. घरातून डबी जायची असेल, तर दोघांचीही गेली पाहिजे.

गैरसमजांनी तर कितीतरी संसार उगाच दुरावतात. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने रुग्णाच्या अंगात किरण राहत नाहीत. त्याचे ताट वेगळे करण्याची, नातवंडांना दूर ठेवण्याची गरज नाही. थायरॉइडच्या काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन पाजतात, तेव्हाच काही दिवस वेगळे राहावे लागते. कर्करोग स्पर्शाने, जवळ झोपल्यानेही पसरत नाही. गर्भाशयमुखाच्या उपचारांत शरीरसंबंध काही काळ थांबवावे लागतात. पुढे योनिमार्ग आकुंचन पावू शकतो, त्यावर उपाय आहेत. ही गोष्ट डॉक्टरांनी सांगायची आणि नवऱ्यानेही ऐकायची आहे. बाईला एकटीलाच सांगून दार लावले की तिच्या वाट्याला नुसती भीती येते.

इथे एक विषमताही दिसते. नवरा आजारी पडला, की बायको पदर खोचून रुग्णालयाच्या पायरीवर मुक्काम टाकते. बायको आजारी पडली, की तिला घरच्या स्वयंपाकाची चिंता सोबत घेऊन यावे लागते. चौथ्या आठवड्यात थकवा वाढतो, तेव्हा तिला भाकऱ्या थापायला लावणारे घर तिचा उपचारच कमकुवत करते. नवऱ्याने चूल हाती घेणे हा तेव्हा औषधाचाच भाग असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, त्यात रेडिएशनही येते. शिधापत्रिका आणि आधार कार्डावरचे नाव आधीच जुळवून घ्यावे. मंजुरी तिथेच अडते. रेल्वेत रुग्ण आणि एका सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. राहण्याच्या सोयीसाठी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाला पहिल्याच दिवशी भेटावे. मात्र योजना यंत्राचे पैसे भरते, जोडीदाराचा बुडालेला रोज भरून देत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे उभारताना मोठ्या रुग्णालयांजवळ स्वस्त निवास आणि सोबत्याला निर्वाह भत्ता यांचाही विचार झाला नाही, तर यंत्रे वाढतील, पण तिसऱ्या आठवड्यात गावी परतणारे रुग्ण कमी होणार नाहीत.