आवाराच्या भिंतीआड

सोलापुरात उपरा कोण, हे ठरवू पाहणाऱ्याने आधी सोलापूर नीट पाहावे. जुन्या गावठाणात कन्नड कानी पडते, पूर्व भागात तेलुगू, मोहल्ल्यांत दखनी, बाजारात मारवाडी व गुजराती. आणि या सर्वांना सांधणारी मराठी. १८७४ साली जुनी मिल स्थापन झाली आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्यांनी व मागांनी दूरदूरची माणसे येथे आणली. सोलापुरी चादर पद्मशाली विणकरांच्या हातून घडली, पण तिला कोणी तेलुगू चादर म्हणत नाही.

या शहराने आपली ओळख रक्त देऊन सिद्ध केली आहे. मे १९३० मध्ये येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चार नावे वाचताच चार समाज डोळ्यांसमोर उभे राहतात. त्या स्मृतिदिनाला लागूनच संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा येते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात नंदीध्वज पेलत चालतात आणि सारे शहर रस्त्याच्या कडेला उभे असते.

आणि आम्ही कॅथलिक? आम्ही आवारात असतो. आमच्या शाळेत पाल्याला प्रवेश मिळावा म्हणून शहर आमच्या फाटकाशी येते. फाटक ओलांडून शहराकडे जाण्याची आम्हांला गरज वाटत नाही. नाताळला आम्ही नगरसेवकांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो. वर्षाचे उरलेले दिवस त्यांचे आमच्यावाचून व आमचे त्यांच्यावाचून अडत नाही.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले, आपण मूठभर आहोत. खरे आहे; २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती आणि महाराष्ट्रात सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळून शेकडा एकही भरले नाहीत. पण सार्वजनिक जीवनात डोकी मोजून प्रवेश मिळत नाही. दुसरे उत्तर अधिक भारदस्त असते : शाळा, दवाखाने, अनाथांची सेवा हीच आपली साक्ष. ही सेवा मोलाची आहे, परंतु ती बहुतांशी धर्मगुरूंची व धर्मभगिनींची आहे. त्यांच्या झग्याआड उभे राहून प्रापंचिकांनी मिरवावे, हे आम्हांला पटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश काढला, तो केवळ भक्तिसोहळ्यांची वर्गणी गोळा करण्यासाठी नव्हे.

तिसरे उत्तर हळू आवाजात दिले जाते : बाहेर पडलो तर धर्मांतराचा आळ येईल. ही भीती खोटी नाही. तथापि गप्प राहिल्याने संशय कमी झाल्याचे एक तरी उदाहरण कोणी दाखवावे. ज्या शेजाऱ्याने आपल्याला कधी पाहिलेच नाही, त्याला आपल्याविषयी कोणीही काहीही सांगू शकतो, आणि तो ते मानतो.

भाषेची गोष्ट तर याहून लाजिरवाणी. आमच्यात गोवेकर आहेत, मंगळूरकर आहेत, तामिळ आहेत, नगरकडची मराठी कुटुंबेही आहेत. घरोघरी मात्र इंग्रजीचा सोस. इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. महाराष्ट्राने तरीही त्यांना व्यासपीठावर बसविले, कारण त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले होते. आमच्या घरात मराठी मासिक येत नाही आणि मराठी माणूस आम्हांला आपले मानत नाही अशी तक्रार मात्र आहे!

कित्येक वर्षे या शहराला चार-पाच दिवसांआड पाणी मिळाले. उजनी धरण जिल्ह्यात, आणि घागरी रिकाम्या. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. या दोन्हींवर आमच्या किती धर्मग्राम मंडळांनी साधा ठराव केला? मिस्सेनंतर अंगणात पाण्याविषयी कुरकुर पुष्कळ होते, पण ती कुंपणाबाहेर ऐकू जात नाही.

आम्हांला कोणी आमदार व्हावे असे म्हणायचे नाही. प्रभागाच्या सभेला धर्मग्रामातील दोन माणसांनी नियमाने जावे, तक्रार मराठीत लिहून स्वतःच्या नावाने सही करावी, आणि येत्या १२ जानेवारीला चार हुतात्मा चौकात आपल्या धर्मग्रामाच्या वतीने हार घेऊन जावे. तो कोणी न्यायचा, हे डिसेंबरच्या बैठकीतच ठरवून टाकावे. नाताळच्या केकचा हिशेबही त्याच बैठकीत होतो.