पहिलटकरणींनो, टाक्यांबद्दल आधीच विचारा

माझ्या पहिल्या बाळंतपणात बाळ बाहेर यावं म्हणून योनीच्या तोंडाशी चीर दिली, टाके पडले. मला कुणी काही विचारलं नव्हतं. बारशाच्या दिवशी पाटावर एका बाजूला कलून बसले होते. शौचाला जायची तर धास्तीच घेतली होती. पहिल्या खेपेला असंच असतं, असं सगळ्या म्हणाल्या. आता मला ते पटत नाही.

योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा पहिलटकरणीची घट्ट असते. बाळाचं डोकं येताना ती ताणते, कधी फाटते. जोर लावायची वेळ आली की डॉक्टर किंवा शिकलेली नर्स हातमोजे घालून, वंगण लावून, बोटांनी ती जागा हलकेच ताणू शकते. गरम पाण्यात पिळलेली स्वच्छ कापडाची घडीही तिथे धरतात. या दोन्हींमुळे गुदद्वारापर्यंत खोल फाटण्याचा धोका कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली सांगितलंय, की बाईची इच्छा पाहून हे उपाय करावेत आणि सरसकट चीर देऊ नये.

फाटणारच नाही, अशी हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. बाळाचे ठोके उतरले तर चीर द्यावीही लागते. तेव्हा अडून बसू नका.

घरी काय करता येईल? त्याच जागेला मालिश. आठव्या महिन्याच्या मध्यावर, म्हणजे साधारण चौतिसाव्या आठवड्यानंतर, आधी डॉक्टरांना विचारा. अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, वार खाली असेल, खाज किंवा जंतुसंसर्ग असेल तर मालिश करू नका.

डॉक्टर हो म्हणाले तर नखं कापा. अंगठ्या काढा, हात साबणाने धुवा. आंघोळ झाल्यावर उशीला टेकून बसा. अंगठ्याला स्वच्छ खोबरेल लावा आणि इंचभर आत घ्या. गुदद्वाराच्या दिशेने दाबा, मग दोन्ही बाजूंना सरकवा. घड्याळाच्या तीनपासून सहापर्यंत, सहापासून नऊपर्यंत, तसं. ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. पाच मिनिटं, आठवड्यातून एकदोनदा पुरे. पोट आड येत असेल तर नवऱ्याची मदत घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण एकदा कळा सुरू झाल्या, पाणमोट फुटली, की घरातल्या कुणाचाही हात आत जाऊ देऊ नका. सासूबाई कितीही अनुभवी असल्या तरी नाही. जंतू थेट बाळापर्यंत पोचू शकतात. लगेच दवाखाना गाठा.

डोकं दिसू लागलं की सिस्टर सांगतील, आता जोर लावू नका. तेव्हा तोंडाने छोटे छोटे श्वास सोडा. डोकं जितकं सावकाश येईल तितकी ती जागा सांभाळली जाते.

घरी आल्यावर वारा किंवा शौच आवरेनासं झालं, टाक्यांतून घाण वास आला, तर आईलाच सांगून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. वर्षानुवर्षं हे लपवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. घरातल्या लग्नाला जायचंही त्या टाळतात.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा विचारा : "तुमच्याकडे शेक देतात का? मालिश करतात का? चीर द्यायची झाली तर मला आधी सांगाल ना?" उत्तर काय मिळालं ते सोबत येणाऱ्या बाईलाही सांगून ठेवा. कळांच्या भरात तुम्हाला बोलायचं सुचणार नाही, तेव्हा ती बोलेल.