गाणे काढून पाहा

सिनेमात गाणे सुरू झाले की निम्मे थिएटर चहा-विडीसाठी बाहेर पडायचे, असा एक काळ होता. गाणे संपता संपता मंडळी परत खुर्चीवर. मधल्या चार-पाच मिनिटांत कथेचे काही अडलेले नसे. आपल्या दापोडीच्या कामगाराने पाळी सांभाळून, हॅरिस पूल ओलांडून पुण्याला जाऊन सिनेमा पाहायचा, तर तेवढीच पाय मोकळे करायची सवड.

या सवयीतूनच एक सोपी कसोटी सापडते. वाचकहो, कोणताही सिनेमा पाहताना त्यातले गाणे मनातल्या मनात काढून टाका आणि मागे काय उरते ते पाहा. बहुतेक वेळा सिनेमा जागच्या जागी उभा असतो. पण काही प्रसंग असे आहेत की गाणे काढले तर सगळी इमारतच कोसळते. त्यातले काही नेमके आपल्या माणसांच्या जगण्यावरचे आहेत.

पहिला प्रसंग नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला. हा सिनेमा महाराष्ट्रात २०१४ साली प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातला जब्या शाळेत जाणारा पोर, पण गावाने सांगितले की त्याच्या घराने डुकरे धरायची. शाळेच्या शेजारीच सारे कुटुंब डुकरामागे धावते आहे. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थबकतो, घरचेही जागच्या जागी उभे राहतात, आणि डुक्कर आरामात निघून जाते. थिएटरात आधी हशा पिकतो, मग तो घशात अडकतो. ज्यांना या देशाने माणूस म्हणून वागवले नाही, तेच राष्ट्रगीताचा मान राखून ताठ उभे आहेत! आता यातून राष्ट्रगीत काढा. उरते ती फक्त डुकराची पळापळ. पुढे धरलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रे दिसतात. तिथे गाणे नाही, संवाद नाही. दिग्दर्शकाला बोलायची गरजच वाटलेली नाही.

याच दिग्दर्शकाच्या २०१६ च्या ‘सैराट’ला कसोटी उलटी लावावी लागते. अजय-अतुल यांच्या संगीताने महाराष्ट्र नाचला. ‘झिंगाट’ वाजले नाही अशी हळद त्या वर्षी क्वचितच झाली असेल. पण शेवट आठवा. आंतरजातीय लग्न केले म्हणून दोघांना घरात मारून टाकले आहे, आणि त्यांचे लहानगे पोर रक्ताची पावले उमटवीत बाहेर येते. पडद्यावर कसलाही आवाज नाही. तिथे करुण सूर वाजवला असता तर आपण डोळे पुसून मोकळे झालो असतो. दिग्दर्शकाने तशी मोकळीक दिली नाही. आधी एवढे नाचवले, म्हणूनच ही शांतता एवढी बोचते.

तिसरा सिनेमा चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ चा हा सिनेमा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. त्यातले नारायण कांबळे हे वयस्क लोकशाहीर मुलांची शिकवणी घेतात आणि वस्तीतल्या मंचावर गातात. कार्यक्रम चालू असतानाच पोलीस येतात आणि त्यांना घेऊन जातात. आरोप काय, तर तुमचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली! मग त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. तिच्या साध्या उत्तरांतून कळते की नवऱ्याला गटारात उतरताना सुरक्षेचे साधन मिळत नव्हते आणि घाण सहन व्हावी म्हणून तो दारू पिऊन उतरत असे. म्हणजे खरा आरोपी कोण? न्यायालय मात्र गाण्यालाच पिंजऱ्यात उभे करते. या सिनेमातून गाणे काढले तर खटलाच उरत नाही. गाणी संभाजी भगत यांची, आणि शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार. ते नट म्हणून नव्हे, तर चळवळीतले कार्यकर्ते म्हणून आयुष्य जगले. १३ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने त्यांना नेले.

हे सारे कल्पनेतले आहे असे कुणाला वाटेल. म्हणून चौथे नाव घेतो, आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. पटवर्धनांनी हा माहितीपट चौदा वर्षे खपून २०११ मध्ये पुरा केला. त्यात घोगरे आपल्यासमोर गातात. ते कसे? तर पटवर्धनांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’साठी त्यांना गाताना टिपून ठेवले होते म्हणून. ते चित्रण नसते तर पुढच्या पिढीला घोगरे म्हणजे वर्तमानपत्रातले एक नाव राहिले असते. याच माहितीपटात आपल्या पुण्याच्या कबीर कला मंचाची मुले-मुलीही गातात. त्यांतल्या शीतल साठे यांना पुढे २०१३ साली अटक झाली आणि तुरुंगात राहावे लागले. ‘कोर्ट’ त्यानंतर आला.

आता ही कसोटी पडद्यावरून उचलून आपल्या घराला लावू या. दापोडी असो की बोपोडी, खडकी असो की पिंपरी, वस्तीवस्तीत गायन पार्ट्या होऊन गेल्या. दिवसा कारखान्यात राबायचे आणि रात्री पेटी-ढोलकी घेऊन बाबासाहेब गायचे, अशी माणसे प्रत्येक गल्लीत होती. जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणणाऱ्या आया-आज्या होत्या. त्यांच्यासमोर कॅमेरा घेऊन कुणी पटवर्धन आले नाहीत. कित्येकांचा आवाज त्यांच्याबरोबरच गेला. आपल्या वस्तीच्या गोष्टीतून ही गाणी काढली तर मागे काय उरेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. घरात, शेजारी कुणी गाणारे म्हातारे माणूस असेल तर येत्या रविवारी त्यांच्यापुढे बसा. गाणे कुणाचे, कुठे गायले, तेव्हा काय घडले, हे विचारा आणि मोबाइलवर टिपून ठेवा. आवाज थरथरला, मध्ये कडवे विसरले, तरी थांबवू नका. आणि मुलांना जवळ बसवा. गाणे सुरू झाले की बाहेर जायची सवय त्यांना तरी लागू नये.